विसरभोळं पान

डांबरगोळ्यांचा वास कुठेही आला, की त्याचे हात अजूनही नकळत पुढे होतात. कुणी आता त्यांवर काहीतरी जड, मऊ, झुलणारे ठेवणार आहे असे त्यांना वाटते. आणि मग तो जिना आठवतो...

खरे म्हणजे तो जिना त्याच्या वाटेवरचा नव्हताच. एका कचेरीतला रुसलेला प्रिंटर बघायला तो निघाला होता, आणि ती कचेरी पलीकडच्या गल्लीत होती. पण वाटेत बारीक पाऊस लागला. छत्री नेहमीप्रमाणे कुठेतरी विसरलेली. समोर जे दार उघडे दिसले, त्यात तो शिरला. आत अरुंद, काळोखा जिना. उगीच दारात उभे राहून कुणाच्या नजरेत भरायला नको, म्हणून चार पायऱ्या चढला, तोच वरून एक सेनापती खाली येऊ लागला.

लाल कोट, खांद्यांवर सोनेरी झालर, छातीवर पदकांची ओळ. फक्त मुंडके नव्हते.

तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि सवयीने पुटपुटला, "माफ करा."

"माफ मागाहून करते," सेनापतीच्या पोटातून आवाज आला. "आधी धरा!"

आणि दुसऱ्याच क्षणी सेनापती, त्याच्यामागचे तीन शिपाई, एक राणी आणि कुणाचे तरी पांढरे पंख असा सगळा लवाजमा त्याच्या हातांत येऊन पडला. त्या ढिगाऱ्याआडून एक चेहरा उगवला. कपाळावर घामाचे थेंब, केसांत अडकलेली एक टिकली, आणि डोळ्यांत असले हसू, की पाहणाऱ्याला आपलेच काहीतरी चुकले आहे असे वाटावे.

"तुम्ही टेम्पोवाले ना?"

"नाही, मी... संगणकाचं काम..."

"असू द्या. हात आहेत ना दोन? चला."

तो चालला. प्रिंटर त्या दिवशी रुसलेलाच राहिला.

वरच्या मजल्यावर तीन खोल्यांत पसरलेले नाटकांच्या कपड्यांचे भांडार होते. हौशी मंडळी, शाळा, फिरत्या कंपन्या असे सगळेच तिथून कपडे भाड्याने नेत. भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी दांड्या, दांड्यांवर राजे, भिकारी, पोलीस आणि भुते खांद्याला खांदा लावून लटकलेली, आणि खिडकीपाशी एका पत्र्याच्या डब्यात, आकारवार लावलेल्या मिशा. भांडाराच्या मालकीण सगळ्यांच्याच आत्या होत्या. त्यांच्या ओठांत सदैव टाचण्या धरलेल्या असत. म्हणून त्यांचे बोलणे टोचते, असे गिऱ्हाइके म्हणत. ती मुलगी त्यांची भाची. भावाची लेक, लहानपणीच त्यांच्याकडे आली आणि या कपड्यांतच वाढली.

आत्यांनी त्याला चहा दिला. तो संगणकाची कामे करतो हे कळल्यावर चष्म्यावरून नीट पाहिले आणि विचारले, "ते पान का काय म्हणतात, ज्यात सगळा माल घरबसल्या दिसतो... ते करता येतं तुम्हांला?"

"वेबपेज. हो, येतं."

"मग करा. या पोरीला पळून जायचंय."

"पळून नाही हो!" भाची आतून ओरडली. "नोकरीवर! नाटक कंपनीनं बोलावलंय. कपडे सांभाळायला, गावोगाव."

"तेच ते," आत्या म्हणाल्या. "इथली प्रत्येक गुंडी हिच्या डोक्यात. ही गेली की मी आंधळी. मी तिला सांगितलंय, ज्या दिवशी तुला हाक न मारता मला न्यायाधीशाचा झगा सापडेल, त्या दिवशी खुशाल जा."

न्यायाधीशाचा तो काळा झगा भांडारात एकच होता, आणि खटल्याचे नाटक तर प्रत्येक शाळेला, प्रत्येक मंडळाला हवे असे.

त्याने काम पत्करले. तेव्हा त्याला एवढेच कळले होते, की उद्या पुन्हा या जिन्यावर येता येईल. तो जे पान बांधणार होता, तेच तिच्या जाण्याचे दार होते, हे कळायला पुढे बरेच दिवस गेले.

पानाला नाव आत्यांनीच दिले होते. मग सगळेच पान म्हणू लागले. तिने मात्र आणखी एक नाव दिले: त्याला. तो इतक्या हळू बोलत असे, हळू चालत असे, आणि कुणी जरा मोठ्याने बोलले की इतक्या चटकन आपल्या शंखात शिरत असे, की तिसऱ्या-चौथ्या दिवशीच तो 'गोगलगाय' झाला. त्याला वाईट वाटायला हवे होते. पण त्या हाकेत काहीतरी असे होते, की जिन्यात पाऊल टाकतानाच तो तिची वाट पाहू लागे.

काम साधे होते. ती दांडीवरून एकेक कपडा उचले आणि सांगे, तो लिहून घेई.

"भिकाऱ्याची कफनी. माप मोठं. ठिगळं सात, त्यातली तीन खरी."

"खरी म्हणजे?"

"चार शोभेची आहेत. तीन ठिकाणी खरोखरच फाटलंय. लिहा ना! उद्या आत्या शोभेची उसवून टाकेल."

तो लिही. माल, माप, रंग, जागा, स्थिती. संगणकाच्या कोठारात प्रत्येकाचा एकेक रकाना. मग एके दुपारी तो पानावर चौकटी मांडून त्या रकान्यांशी जोडत बसला असताना ती खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तिच्या बोटांतल्या सुईचा दोरा त्याच्या खांद्याला हलकेच शिवून गेला.

"हे काय चाललंय?"

"बांधतोय," तो पडद्याकडे बघतच म्हणाला. "या चौकटीला सांगायचं, तू त्या रकान्याची. मग रकान्यात जे असेल तेच चौकटीत दिसतं. आणि चौकटीत कुणी बदललं, की..."

"की आत रकान्यात बदलतं?"

"हो."

तिने जवळच्या कोटाची बाही उलटी केली, त्याच्यासमोर धरली. "म्हणजे अस्तर. बाहेरचं कापड ओढलं की अस्तर येतं. अस्तर ओढलं की बाहेर चुणी पडते."

"अगदी तसंच."

"आणि नीट जोडलंच नाही तर?"

"तर... बाहेर एक दिसतं, आत दुसरंच असतं."

"असतात काही माणसं तशी," ती सहज म्हणाली आणि निघून गेली. तो बराच वेळ त्याच एका चौकटीकडे बघत राहिला. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. मागून त्या दिसत असतील का, एवढीच चिंता त्याला होती.

स्थितीच्या रकान्यासाठी त्याने एक यादी केली होती, टिचकी मारली की उघडणारी आणि त्यातले एक निवडायचे अशी. जागेवर. भाड्याने. शिवणीत. तिने ती वाचली आणि मान हलवली.

"एक कमी आहे."

"कोणतं?"

"जे तिकडून निघालंय, पण इकडे पोचलं नाही, त्याला काय म्हणायचं? ते भाड्यानेही नाही, जागेवरही नाही. बिचारं वाटेत आहे."

"वाटेतलं कशाला लिहायचं? पोचलं की लिहू."

"गोगलगाईला वाटेची किंमत नसावी?" ती हसली. "सगळं आयुष्य तर तिचं वाटेतच जातं."

एका संध्याकाळी वीज गेली. पडदा काळा झाला, खिडकीतून येणाऱ्या करड्या उजेडात सगळे राजे नि भुते सारखीच दिसू लागली. तिने डबा उघडून एक झुपकेदार मिशी त्याच्या ओठांवर चिकटवली, डोक्यावर मुकुट ठेवला आणि फर्मावले, "बोला, महाराज!" महाराजांनी मुकुट सावरला, घसा खाकरला. अखेरीस ते म्हणाले, "प्रिंटर... हजर करा." ती हसता हसता खाली बसली. तोही हसला, इतका की मिशी निसटून चहात पडली.

मग हसू ओसरल्यावर, तशीच जमिनीवर बसून, ती बोलू लागली. हे कपडे परत येतात ना, तेव्हा त्यांच्या खिशांत काहीतरी असते. कधी सुकलेले फूल, कधी बसचे तिकीट, कधी भलत्याच मातीचा वास. लहानपणी ती प्रत्येक कोटाचे खिसे चाचपून पाही. "कपडे गावं बघून येतात," ती म्हणाली, "आणि मी दांड्या बघते. आयुष्यात एकदा तरी, हा कोट रंगमंचावर जातो तेव्हा मला पलीकडच्या विंगेत उभं राहून बघायचंय. परकं गाव, परकी माणसं, आणि कोट मात्र मी शिवलेला. कळतंय का तुम्हांला?"

त्याला कळत होते. त्याने मान हलवली, पण अंधारात ती कुणाला दिसणार?

रात्रभर त्याने त्या संध्याकाळच्या शब्दांची उजळणी केली. तिला काय सांगायचे ते वाक्यावाक्याने रचले. आणि सकाळी जिना चढून वर आला, तो दारात उभा राहून म्हणाला, "नमस्कार. ठीक ना? आज उकडतंय."

तिने सुईत दोरा ओवता ओवता एकदा त्याच्याकडे पाहिले. "हो," ती म्हणाली. "उकडतंय खरं."

हे असे रोज होई. रोज संध्याकाळी ते दोघे कुठल्यातरी वळणापर्यंत पोचत, आणि रोज सकाळी तो पुन्हा उंबऱ्यावरच्या 'नमस्कारा'पाशी उभा असे.

मग पान सुरू झाले. आत्यांनी काळजीपूर्वक, एका बोटाने, नोंदी करायला सुरुवात केली. पहिले दोन दिवस कौतुकात गेले. तिसऱ्या दिवशी भांडाराच्या दारात एका हौशी मंडळाचे दिग्दर्शक तणतणत उभे राहिले. त्या संध्याकाळी त्यांचा प्रयोग होता. झगा त्यांना कबूल केला होता.

"आहे ना झगा," आत्या म्हणाल्या. "पान म्हणतंय, जागेवर आहे."

जागेवर नुसता हॅंगर हलत होता. झगा आदल्याच दिवशी एका शाळेने नेला होता. आत्यांनी पानावर 'भाड्याने' असे निवडले होते, बटणही दाबले होते. भाचीने स्वतः बघितले होते. आणि तरी पान निर्विकारपणे सांगत होते: जागेवर. एवढेच नव्हे, दुरुस्तीला गेलेली राणी जागेवर, टेम्पोतून रवाना झालेले शिपाई जागेवर, सगळे आपले जागेवर! त्या पानाच्या मते या भांडारातून कधी कुणी कुठे गेलेच नव्हते.

त्या संध्याकाळी न्यायाधीशाने डॉक्टरच्या पांढऱ्या कोटात फाशीची शिक्षा सुनावली. शिक्षेनंतर मागच्या रांगेतून कुणीतरी विचारले म्हणे, "जेवणाआधी की जेवणानंतर?"

दुसऱ्या सकाळी हे ऐकून आत्यांना हसू आले नाही. "मला माझी भाची बरी," त्या टाचण्या सावरत म्हणाल्या. "तिला वीज लागत नाही. कंपनीचा ट्रक शनिवारी येतोय ना? त्यांना सांग, दुसरी कुणी बघा."

भाची उठली. खिडकीशी जाऊन मिशांचा डबा उघडला, आणि आधीच नीट असलेल्या मिशा पुन्हा आकारवार लावू लागली. तिची पाठ बघवेना, म्हणून तो निघाला.

चूक त्याला त्याच दुपारी, आपल्या टेबलाशी बसल्यावर सापडली. हसू यावे इतकी साधी. पान उघडताना ते कोठारातून स्थितीची यादी भरून घेई, इथवर ठीक. पण माणसाने काही निवडून बटण दाबले, की पान ती निवड घेऊन पुन्हा एकदा कोठाराकडे जाते, आणि जाताना ते पुन्हा उघडल्यासारखेच असते. तेव्हा ते यादीही पुन्हा पहिल्यापासून भरी. यादी नव्याने भरली की निवडलेले पुसले जाई, यादीतला पहिला शब्द वर येई, आणि तोच कोठारात उतरे. पहिला शब्द होता 'जागेवर'. नव्याने शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण आयुष्यात एकदा ही चूक करतो. उपायही एका ओळीचा: पान पहिल्यांदाच उघडत असेल तरच यादी भर, कुणाचे काही ऐकून परत आले असशील, तर भरू नकोस.

ती ओळ त्याला पाठ होती. बोटे कळांवर होती. आणि ती लिहायला बोटे धजेनात.

लिहिली, तर पान चालेल. पान चालले, तर आत्यांना झगा सापडेल. झगा सापडला, तर शनिवारी ट्रक येईल आणि जाईल...

नाही लिहिली, तर सगळे जागेवर राहील.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "बघतोय." त्याच्याही पुढच्या दिवशी म्हणाला, "बघतोय." खोटे असे त्यात काहीच नव्हते, तो खरोखरच बघत होता. खिडकीशी बसून ती एका बाहीला अस्तर लावत होती, तिच्याकडे.

आत्या खाली गिऱ्हाइकाशी बोलत होत्या. तिने मान वर न करताच विचारले, "मी गेले असते... समजा गेलेच असते, तर तुम्हांला काय वाटलं असतं?"

त्याच्या मनात एक संपूर्ण परिच्छेद उभा राहिला, नीटनेटका, विरामचिन्हांसकट. तो ओठांपर्यंत आला आणि नेहमीच्या ठिकाणी अडकला.

"पान..." तो म्हणाला, "पान बहुतेक चाललं असतं."

सुई थांबली.

"मी पानाचं विचारलं नव्हतं," ती म्हणाली. मग बाही मांडीवर ठेवून तिने त्याच्याकडे पाहिले, आणि त्या नजरेत आज थट्टा नव्हती. "तुमचं मला एक कळत नाही. संध्याकाळी तुम्ही जाता ना, तेव्हा वाटतं, आज या माणसाशी काहीतरी बोलणं झालं. आणि सकाळी येता ते कोरे करकरीत! नमस्कार. ठीक ना. आज उकडतंय. कालचं सगळं जिन्यातच पुसून येता का हो? रोज मीच आपली पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची... दमले मी आता."

तो उठला. "येतो," एवढेच म्हणाला. जिन्यात, जिथे सेनापती भेटला होता त्या पायरीवर, त्याचे पाऊल थांबले.

कुणाचे तरी ऐकून परत यायचे, आणि येताच सगळे पहिल्यापासून भरायचे! निवडलेले पुसायचे, पहिला शब्द वर आणायचा. ही चूक त्याने पानात केली नव्हती. त्याने फक्त स्वतःसारखे एक पान घडवले होते.

शुक्रवारी सकाळी तो जिना धावत चढला. त्या जिन्याला हे नवीन होते. ती दारापाशीच राणीचा घेर मापत उभी होती, ओठांत आत्यांसारख्याच टाचण्या.

"करमणार नाही," तो धापा टाकत म्हणाला.

तिने भुवया उंचावल्या. टाचण्यांमुळे बोलता येईना.

"काल विचारलंत ना, मी गेले तर काय वाटेल. करमणार नाही मला. आणि... वीज गेली होती त्या दिवशी तुम्ही म्हणालात, कळतंय का. कळत होतं. अंधारात दिसलं नसेल, पण मी मान हलवली होती. आणि अजून एक. पानाची चूक मला तीन दिवसांपासून ठाऊक आहे. एका ओळीचं काम आहे. केलं नाही मी. केलं असतं तर तुम्ही गेला असतात."

तिने ओठांतली एकेक टाचणी काढून राणीच्या कमरेला टोचली. राणीने हूं की चूं केले नाही.

"गोगलगाय," ती अगदी हळू म्हणाली, "अन् पोटात पाय!"

"आता करतो. आत्ता, तुमच्यासमोर."

"मला इथं सुतक आल्यासारखं बसवलंत तीन दिवस!"

"हो."

"रागावले आहे मी."

"हो... रागवायलाच हवं."

"उद्यापर्यंत राहील हा राग. उद्या पुन्हा कोरे होऊन आलात, तर जन्मभर राहील." तिने राणीचा घेर उगीचच झटकला. "आणि ते करमणार नाही म्हणालात, त्याचं काय? त्याचीही ओळ असेल एखादी?"

"नाही," तो म्हणाला. "ते दुरुस्त होण्यातलं नाही."

ती वळली. खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. पण काचेत तिचा चेहरा दिसत होता, आणि तो रागावलेला नव्हता.

त्याने ती ओळ लिहिली. शिवाय यादीच्या शेवटी, कुणी न सांगता, एक शब्द वाढवला.

दुपारी आत्यांनी परीक्षा घेतली. राणी 'शिवणीत' टाकली, बटण दाबले, पान बंद केले, पुन्हा उघडले. शिवणीत! शिपाई 'भाड्याने'. भाड्यानेच राहिले. मग त्यांनी एका बोटाने 'न्यायाधीश' असे लिहिले. पान म्हणाले: मधली खोली, खिडकीकडची दांडी, भुताच्या मागे. जागेवर. आत्या उठल्या, मधल्या खोलीत गेल्या. हॅंगर सरकल्याचे आवाज आले. भाची जागची हलली नाही. हातातली कात्री तिने इतकी घट्ट धरली होती, की बोटे पांढरी पडली होती.

आत्या झगा खांद्यावर टाकून परत आल्या. तोंडातल्या सगळ्या टाचण्या त्यांनी काढून ठेवल्या. त्याला त्या पहिल्यांदाच टाचण्यांशिवाय दिसल्या, आणि एकदम म्हाताऱ्या वाटल्या.

"हे आता विसरणार नाही ना?" त्यांनी विचारले.

"नाही, आत्या."

"मग मी शब्द फिरवत नाही." त्या भाचीकडे बघेनात. "जा बाई. पण लोकरीची शाल घेऊन जा अंगावर घ्यायला. परक्या गावचा वारा लागतो."

शनिवारी ट्रक आला. सेनापती, शिपाई, राणी असे निम्मे भांडार कंपनीने हंगामभरासाठी नेले. तो जिन्यावरून ओझी उतरवत होता. या खेपेला कुणी सांगितले नव्हते. शेवटी ती ट्रकच्या पायरीवर चढली. खांद्यावर आत्यांची लोकरीची शाल, आणि केसांत कुठलीशी टिकली आजही होतीच.

"गावोगाव कुठंतरी संगणक असेलच," ती म्हणाली. "कपड्यांचं जे होईल ते मी पानावर टाकत जाईन. बघाल ना?"

"बघेन."

"फक्त कपड्यांचंच हं. बाकीचं असं लिहून बिहून नाही सांगायची मी. समोरासमोर सांगणार."

"बाकीचं म्हणजे?"

तिने इकडेतिकडे पाहिले. ड्रायव्हर चाके बघत होता. आत्या खिडकीत होत्या, पण डोळे पुसण्यात गर्क. ती किंचित वाकली.

"म्हणजे असं, की मलासुद्धा—"

ट्रकने भोंगा दिला. इंजिन घरघरले, पायरी हलली, तिने दांडा पकडला. ती काहीतरी ओरडली, त्यातले एवढेच ऐकू आले, "...राहिलेलं आल्यावर!"

आणि ते अर्धे वाक्य त्याच्यापाशी राहिले.

तो हंगाम त्याने त्या पानावर काढला. रोज चहाच्या वेळी तो पान उघडी. 'सेनापतीचा कोट: डाव्या खांद्याची झालर सुटली होती, लावली.' म्हणजे ती बरी आहे. 'भिकाऱ्याची कफनी: चौथं ठिगळही आता खरं.' म्हणजे ती हसते आहे. 'देवदूताचे पंख: ओले झाले, वाळवले.' म्हणजे तिकडे पाऊस आहे... कुठल्याशा परक्या गावात ती एक चौकट बदलत होती, आणि इथे, इतक्या दूर, त्याच्या डोळ्यांसमोर ते उमटत होते. बाहेरचे कापड आणि आतले अस्तर. बांधलेले म्हणजे काय, हे त्याला पुस्तकांनी शिकवले होते. त्याचा अर्थ त्या दिवसांत कळला.

संध्याकाळी तो आत्यांकडे जाई. दारात 'नमस्कार' म्हणणे त्याने सोडले होते. "काल तुम्ही सांगत होतात, त्या चोराच्या टोपीचं पुढं काय झालं?" असे म्हणतच तो आत शिरे. आत्यांनाही हळूहळू त्याची सवय झाली. त्या ओठांतल्या टाचण्या काढून ठेवून बोलू लागल्या.

मग एका दुपारी त्याने पान उघडले, आणि सेनापतीच्या ओळीत, इतके दिवस कुणीच न निवडलेला तो यादीतला शेवटचा शब्द उमटलेला होता.

परतीच्या वाटेवर.

त्याने पान पुन्हा उघडले. राणीही. पुन्हा उघडले. शिपाई, पंख, कफनी... एकेक ओळ बदललेली होती. कुठेतरी बसून तिने एकेकाला वाटेला लावले होते. तो तसाच उठला. छत्री अर्थातच विसरला.

भांडाराच्या दारापर्यंत पोचेतो बारीक पाऊस सुरू झाला होता. खाली रिकामा ट्रक उभा होता, ताडपत्रीवरून पाणी ठिबकत होते, आणि वरच्या खिडकीतून कुणीतरी चटकन आत सरकले. निघाल्याची नोंद तिने सकाळीच, वाटेतल्या शेवटच्या गावातून केली असावी. तो जिन्यात शिरला, चार पायऱ्या चढला, आणि वरून एक सेनापती खाली येऊ लागला.

लाल कोट, सोनेरी झालर. डाव्या खांद्याची नवी. मुंडके नव्हतेच.

तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. या वेळी माफी मागितली नाही. हात पुढे केले.

सेनापती त्याच्या अगदी समोरच्या पायरीवर थांबला. कोटाआड श्वास लागलेला ऐकू येत होता. मग त्याच्या पोटातून, जणू मध्ये एवढा हंगाम गेलाच नाही, भोंगा वाजलाच नाही, असा एक आवाज आला—

"—करमलं नाही. तुझ्याशिवाय."

कोट त्याच्या हातांत आला. त्यामागून तोच चेहरा उगवला. थोडा सावळलेला, थोडा दमलेला, आणि डोळ्यांत तेच हसू. फक्त आज त्या हसण्यात थोडी भीतीही होती. हा माणूस आता काय म्हणेल? कालचे धरून ठेवील, की पुसून टाकील?

तो गंभीरपणे तिच्याकडे बघत राहिला. केसांतून पाणी ओघळत होते.

"नमस्कार," तो म्हणाला. "आज उकडतंय."

तिने त्याच्या भिजलेल्या केसांकडे पाहिले. मग त्या काळोख्या जिन्यात ती अशी काही हसली, की वरून आत्यांनी ओरडून विचारले, "अगं, कोण आलंय?"

"कुणी नाही, आत्या!" त्याच्या खांद्यावर कपाळ टेकवून तिने सांगितले. "जागेवरच आहेत सगळे."

सेनापतीचा कोट दोघांच्या मध्ये दबून चुरगळला होता. त्यातून डांबरगोळ्यांचा वास येत होता, आणि कुठल्यातरी परक्या गावच्या मातीचा.